ते आलं की ते आले?

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या घरी सगळी जमली होती. बारामतीची, भिगवणची, पुण्याची. जेवणे उरकली, सुपारी फिरली आणि पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या आमच्या भाचीने ऑफिसातली एक गोष्ट काढली. तिथे म्हणे प्रत्येकजण ईमेलमध्ये आपल्या नावाखाली लिहितो की, माझ्याविषयी इंग्रजीत बोलताना ‘ही’ म्हणा, ‘शी’ म्हणा की ‘दे’ म्हणा. तिच्या गटात एक नवीन व्यक्ती आली आहे. त्या व्यक्तीने नावाखाली ‘दे’ लिहिले आहे. म्हणजे, मला पुरुषही धरू नका आणि स्त्रीही धरू नका.

“‘दे’? क्या दे?” नानींनी विचारले.

सगळी हसली. भाचीने पुन्हा एकदा समजावून सांगितले. नानींच्या हातातला अडकित्ता काही थांबला नाही. “तो ‘वो’ बोलो ना. उसमें इत्ता क्या?” म्हणाल्या, आणि सुपारी कातरणे चालू राहिले.

गोष्ट हसण्यावारी गेली. आम्हाला मात्र ती सोडेना. नानी बोलल्या ते खरे होते, आणि अपुरेही होते.

आपली मुले चार भाषांच्या उंबऱ्यावर वाढतात. घरात दखनी, शाळेत आणि बाजारात मराठी, मदरशात अरबी, पुढे कॉलेजात इंग्रजी. बाई आणि पुरुष यांतला भेद या प्रत्येक भाषेने वेगवेगळ्या जागी ठेवला आहे. घरातल्या बोलीत ‘वो’ एकच. अब्बाही ‘वो’ आणि अम्मीही ‘वो’. भेद येतो तो क्रियापदात: वो आया, वो आयी. इंग्रजीचे बरोबर याच्या उलट. तिथे येण्या-जाण्याचे क्रियापद दोघांना एकच, भेद सगळा सर्वनामात. फारसीत दोन्हीकडे भेद नाही. ‘ऊ’ म्हटले की तो किंवा ती कोणीही. बंगालीचेही तसेच. अरबीत दोन्हीकडे भेद आहे. मराठीतही दोन्हीकडे आहे आणि वर तिसरे, नपुंसक लिंग आहे. इतकेच नव्हे, मराठी माणसाला स्वतःविषयी बोलतानाही सुटका नाही: मी गेलो, मी गेले. समोरच्याला ‘तू’ म्हणतानाही नाही: आलास, आलीस. बारामतीच्या शिकवणीतली पोरे इंग्रजी शिकताना अजून घोटाळा करतात, कारण इंग्रजीतला ‘ही’ पुरुष असतो आणि मराठीतली ‘ही’ बाई!

म्हणजे नानींचा ‘वो’ निम्मे काम करतो. ‘वो’ म्हणून झाले तरी पुढे ‘आया’ म्हणायचे की ‘आयी’, हे ठरवावेच लागते.

एका माणसाला अनेकवचनी ‘दे’ म्हणायचे, हे ऐकून आमच्या घरातल्या तरुण मुलांनाही हसू आले. पण आपण तरी काय करतो? ‘अब्बा आले’, ‘मामू बसले’, ‘सर गेले’. अब्बा एकच असतात, तरी त्यांना आपण अनेकवचनात बोलतो. अदब म्हणून व्याकरण वाकवण्याची ही सवय आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की, ते वाकले आहे हेही जाणवत नाही. इंग्रजीनेही हे पूर्वी केलेले आहे. आज आपण एकाला ‘यू’ म्हणतो ते मुळात अनेकवचन. एकवचनी शब्द निराळा होता, तो मागे पडला. एकट्या माणसासाठी ‘दे’ वापरल्याचा इंग्रजीतला लेखी दाखला १३७५ च्या सुमाराचा आहे. कोण आहे ठाऊक नसेल, बाई की पुरुष कळत नसेल, तिथे बोलणारे ‘दे’ म्हणतच आले. पुढे व्याकरणकारांनी ते चूक ठरवले आणि अशा जागी ‘ही’च हवे, असा नियम घातला. २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने ‘दे’ हाच वर्षाचा शब्द निवडला. स्वीडनच्या अकादमीने ‘हेन’ हे तिसरे सर्वनाम २०१५ च्या शब्दकोशात घेतले.

‘ही म्हटले की त्यात शी आलीच’, हा नियम फक्त शाळेतल्या पुस्तकात राहिला नाही. १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तो कायद्यात घातला. हिंदुस्थानात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमात तो आला: कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा. वाचायला किती सोपे! पण १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन वकिलीची सनद मागितली, तेव्हा कलकत्ता हायकोर्टाने ती नाकारली. वकिलांच्या कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत बाई येत नाही, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. आपल्या नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या. त्यांच्यासारख्यांना कोर्टाचे दार उघडायला १९२३ चा वेगळा कायदा यावा लागला. शब्दात समावेश ‘समजायचा’ असतो, तेव्हा तो समजून घेणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. फायदा देताना वगळता येते आणि दंड करताना धरता येते.

हे सगळे साहेबांचे खूळ आहे, आपल्याकडे असले प्रश्न नव्हते, असे आमच्याच मोहल्ल्यात पुष्कळजण म्हणतात. त्यांना आम्ही उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमांची आठवण देतो. कुरआनात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आम्हा स्त्रियांचा का होत नाही, असे त्यांनी रसूलुल्लाहांना (स.) विचारल्याचे हदीसच्या ग्रंथांत येते. अरबी व्याकरणाप्रमाणे पुल्लिंगी अनेकवचनात स्त्रिया धरलेल्या होत्याच. तेवढे उत्तर देऊन भागले असते. पण उत्तर म्हणून सूरह अहजाबची पस्तिसावी आयत उतरली. तिच्यात दहा गुण सांगितले आहेत आणि प्रत्येक गुणासोबत पुरुष वेगळे व स्त्रिया वेगळ्या नावाने आल्या आहेत. सर्वनामाचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईने विचारला, तो पोरकट ठरला नाही आणि त्याला उत्तर मिळाले. ज्यांच्या परंपरेत ही गोष्ट आहे, त्यांनी तरी असा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शब्दातून लिंग गेले म्हणजे अन्याय गेला, असे नाही. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेद कधी नव्हता, म्हणून इराणातल्या बाईचे जिणे सोपे झाले नाही. रेजिना गुहांना सनद नाकारली गेली ती बंगालातच, जिथे घरोघरी लोक बाईला आणि पुरुषाला एकाच सर्वनामाने बोलतात. आपल्या मराठीत फारसीच्या वळणाचे शब्द आहेत: आमदार, खासदार, तहसीलदार, उमेदवार. त्यांना स्त्रीलिंगी शेपूट लावावे लागत नाही. लेखकाची लेखिका होते, शिक्षकाची शिक्षिका होते. खासदार तो खासदारच. बारामती मतदारसंघात २००९ मध्ये सुप्रिया सुळे निवडून आल्या तेव्हा तो शब्द बदलावा लागला नाही. २०२४ मध्ये तर इथले दोन्ही प्रमुख उमेदवार स्त्रियाच होत्या. उलट २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा ‘पती’ शब्दावरून केवढी चर्चा रंगली होती! आणि राज्यघटनेचा इंग्रजी पाठ तर राष्ट्रपतीला ‘ही’च म्हणतो. तरीही ‘खासदार’ शब्द दोघांना चालतो म्हणून बायकांना तिकिटे जास्त मिळाली, असे कोणी म्हणणार नाही. शब्द वाट मोकळी ठेवतो. त्या वाटेने कोणाला येऊ द्यायचे, ते माणसेच ठरवतात.

इथपर्यंत प्रश्न बाई आणि पुरुष या दोघांचा होता. भाचीच्या ऑफिसातली व्यक्ती मात्र दोन्हींत नाही. तिथे दोघांची नावे घेऊनही भागत नाही. आणि इथे आम्हाला आमची स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला सोपी नाही.

आमच्या लहानपणी मोहल्ल्यात लग्नकार्य असले की, बावर्चीच्या चुलाणापाशी एक माणूस हमखास येई. कांदे चिरायला, तांदूळ निवडायला, दालच्याची डेग हलवायला. बायकांच्या मांडवात त्या माणसाला जागा नव्हती आणि पुरुषांच्या दस्तरख्वानावरही नव्हती. चुलाणाशेजारी पोते टाकून बसायचे, तिथेच जेवायचे. चाँदशावली बाबांच्या उरसातही तसेच. त्या माणसाला नाव होते. आईबापांनी ठेवलेले एक आणि स्वतः घेतलेले दुसरे. आम्ही पोरे दोन्ही नावे घेत नसू. आम्ही ओरडायचो, “ते आलं, ते आलं!”

कोणी आम्हाला शिकवले नव्हते. आमच्या मराठीत ते तयारच होते. मोठी माणसे म्हणत, आम्ही ऐकत होतो.

एकदा त्या माणसाने डेगेवरचा हात थांबवला आणि आमच्याकडे पाहून शांतपणे म्हटले, “आलं चहात घालत्यात, बाळ. म्या माणूस हाय.”

मोठी माणसे हसली. आम्हीही हसलो. त्यातला पहिला भाग तेव्हाच कळला. दुसरा भाग कळायला फार वर्षे लागली.

आता पाहा. ‘ते आलं’ ही हेटाळणी आणि ‘ते आले’ हा आदर. सर्वनाम दोन्हीकडे एकच, ‘ते’. लिहिताना तर क्रियापदही एकच होते, कारण छापील मराठीत मूलही ‘आले’ आणि अब्बाही ‘आले’. फरक उरतो तो फक्त बोलणाऱ्याच्या तोंडात. नपुंसक लिंगात मुळात वाईट काही नाही. गोव्याकडच्या कोंकणीत तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात आणि त्यात माया असते. आपणही झोपलेल्या बाळाला ‘ते’ म्हणतो. बाया, बाप्ये, पोरे एकत्र आली की मराठी माणूस सहज म्हणतो, ‘सगळी आली’. या लेखाच्या पहिल्या वाक्यात आम्हीही तेच म्हटले आहे. ते ‘सगळी’ नपुंसकलिंगीच आहे. म्हणजे ज्या लिंगात आपले अख्खे घर मावते, त्याच लिंगाचा आम्ही त्या एका माणसाला दगड केला. दोष व्याकरणाचा नव्हता.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांना कायद्याने मान्यता दिली आणि आपण कोण हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असे म्हटले. सरकारी अर्जावर तिसरी चौकट आली. पण अर्जावरची चौकट आणि चुलाणाशेजारचे पोते यांत बरेच अंतर आहे. ते निकालाने भरत नाही.

इथे काही भले, विचारी लोक एक शंका काढतात आणि ती टाळण्यासारखी नाही. ते म्हणतात, आमचा दीन आम्हाला खरे बोलायला सांगतो. समोर जे दिसते आणि आम्ही जे मानतो, त्याहून वेगळा शब्द आमच्या तोंडी घालणे म्हणजे आम्हाला खोटी साक्ष द्यायला लावणे नव्हे काय?

आम्ही आलिम नाही आणि फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या वाचनात आले तेवढे सांगतो. जुन्या फुकहांना असे लोक अनोळखी नव्हते. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात खुन्सावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याचे लिंग ठरवता येत नाही त्याने नमाजात कुठे उभे राहावे, वारसा कसा मोजावा, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. जागा सांगितली ती पुरुषांच्या सफांच्या मागे आणि स्त्रियांच्या सफांच्या पुढे. म्हणजे जागा मशिदीच्या आतच दिली. त्यांचा विचार शरीराच्या ठेवणीचा होता. मनाने स्वतःला वेगळे समजणाऱ्यांविषयी उलेमांत मतभेद आहेत आणि ते आमच्या एका लेखाने मिटणार नाहीत.

पण शंकेचे उत्तर देण्यासाठी ते मिटण्याची गरजही नाही. भाचीच्या सहकाऱ्यांनी ‘दे’ म्हणायचे असते. ‘दे’ म्हणजे पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही अशी शपथ घ्यायची नसते. नानींचा ‘वो’ पाहा. तो कोणाविषयीच काही सांगत नाही. अब्बांना ‘वो’ म्हटल्याने त्यांचे पुरुषपण नाकारले जात नाही. ‘ही’ आणि ‘शी’ या साक्षी आहेत. तटस्थ शब्द ही साक्ष नाही, ते साक्षीपासून हात राखणे आहे. म्हणून जिथे आपली खात्री नाही किंवा समोरच्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही, तिथे तर हाच शब्द सर्वांत प्रामाणिक. पटणाऱ्यालाही तो उच्चारता येतो आणि न पटणाऱ्यालाही. सगळ्या मागण्यांमध्ये ही सर्वांत थोडी मागणी आहे, आणि तीच नाकारायची तर ते खरेपणासाठी नाकारले, असे आम्हाला म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मराठीच आपल्याला शिकवते. समोरासमोर अदबीने बोलताना मराठीत लिंग गळून पडते. ‘तुम्ही आलात’, ‘आपण बसा’. बाईलाही तेच, पुरुषालाही तेच, चुलाणाशेजारच्या माणसालाही तेच. लिंग परत येते ते पाठ वळल्यावर: तो, ती, ते. म्हणजे हा सगळा प्रश्न गैरहजर माणसाविषयीच्या बोलण्याचा आहे. गैरहजर माणसाची अब्रू ही आपल्याकडची अमानत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका आणि पाठीमागे निंदा करू नका, या दोन मनाया सूरह हुजुरातमध्ये लागोपाठच्या आयतींत येतात. आम्ही पोरे “ते आलं” म्हणायचो, तेव्हा दोन्ही एका दमात मोडत होतो.

मग मराठीत करायचे काय? इंग्रजीतला ‘दे’ उचलून इथे लावता येत नाही, कारण आपले क्रियापद मध्ये उभे असते. नवीन सर्वनाम घडवून ते बारामतीच्या मंडईत चालवणे आमच्या आवाक्यातले नाही. पण ज्या भाषेने एकट्या अब्बांना ‘आले’ केले, तिच्यात वाटा आहेत. नाव घ्यावे. नावाला लिंगाचे ओझे कमी असते आणि मान जास्त असतो. ‘त्यांनी सांगितले’, ‘त्यांचे म्हणणे’, ‘त्यांना विचारा’, ही रूपे दोघांना सारखीच आहेत, ती वापरावीत. आणि जिथे अडेल तिथे सरळ त्या माणसाला विचारावे, ‘आम्ही काय म्हणू?’ तृतीयपंथीयांपैकी पुष्कळांना ‘ती’ म्हटलेले हवे असते, कोणाला ‘तो’ हवे असते. आपल्या सोयीने ‘ते’ ठरवून टाकणे ही तटस्थता नव्हे. विचारायला लाज वाटते खरी. पण न विचारता आम्ही जे म्हणत होतो, त्याची लाज आम्हाला वाटली नव्हती.

तो माणूस काही वर्षांपूर्वी गेला. ‘गेला’ हे आम्ही ‘माणूस’ शब्दाला धरून लिहीत आहोत. एवढा एकच शब्द त्या तोंडून आम्ही स्वतः ऐकला होता.

जनाजा असराच्या नमाजानंतर होता. लोक बरे जमले, आम्हाला वाटले होते त्याहून जास्त. आपल्याकडे नमाजापूर्वी सांगायची रीत आहे, मय्यत मर्दाची आहे की औरतीची. त्या दिवशी मागच्या सफेतून कोणी तरी हळूच विचारले, “मर्द की है या औरत की?” पुढे कुजबुज झाली. कोणी खाली मान घातली. दोघे-तिघे आमच्याकडे पाहू लागले, जणू उत्तर आमच्याकडे होते.

मौलाना वळले. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि संकोचही नव्हता. म्हणाले, “मय्यत बालिग की है. बालिग के लिये दुआ एकही है, मर्द हो या औरत. सफें सीधी करो.”

सफा सरळ झाल्या. ती दुआ आम्ही शेकडो वेळा म्हटली होती. तिच्यात जिवंत आणि मेलेले, हजर आणि गैरहजर, लहान आणि थोर, पुरुष आणि स्त्रिया, सगळ्यांसाठी एकत्रच मागणे आहे. त्या दिवशी ‘गैरहजर’ या शब्दाशी आम्ही अडखळलो.

दफन करून परतताना लक्षात आले की, ‘मय्यत’ हा शब्द सगळ्यांना एकच आहे. बाप असो की आई, मय्यत उठलीच म्हणतात. तिथे पोचल्यावर आपण कोणाला काय म्हणायचे यावर वाद घालत नाही. ‘आम्ही’ हा शब्दही तसाच. आम्ही गेलो, आम्ही आलो, आम्ही चुकलो. त्यात बाई की पुरुष ते कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. तो माणूस आयुष्यभर आमच्या लग्नांतले कांदे चिरत राहिला, पण आमच्या ‘आम्ही’मध्ये आम्ही त्याला कधी धरले नाही. सर्वनाम आमच्याकडे होते. ते द्यायचे तेवढे राहिले.

“‘दे’? क्या दे?” नानींनी विचारले होते. उत्तर आम्हाला त्याच दिवशी द्यायला हवे होते.